म्हातारपणाचा पगार : दान की देणे?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक आजीबाई सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक होते. म्हणाल्या, "फादर, माझा पगार चार महिने झाले आला नाही बघा." आपल्याकडे श्रावणबाळ योजनेच्या पैशाला म्हातारी माणसे पगारच म्हणतात. मी पासबुक पाहिले. खरेच, चार महिने काही जमा नव्हते. मी फार विचार न करता सांगून टाकले, "आजी, नाव कमी झालेले दिसते, नवा अर्ज करावा लागेल." त्यांच्या नातवाकडून अर्ज भरून घेतला, फोटो काढायला लावले, दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. भाडे गेले, नातवाची मजुरी बुडाली. आणि शेवटी कळले काय? पगार बंद झालाच नव्हता. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे आधार क्रमांकावरून थेट खात्यात जमा होऊ लागले. आजींनी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत एक खाते उघडले होते आणि आधार त्या खात्याला जोडले गेले होते. चारही महिन्यांचे सहा हजार रुपये तिथे सुखरूप पडून होते. आजी हसल्या. मला मात्र लाज वाटली. चौकशी न करता सल्ला देणारा मीच होतो.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती गोळा करू लागलो. आज ती तुमच्यापुढे ठेवतो. थोडी माहिती, थोडा धर्मशास्त्राचा अभ्यास आणि थोडे माझे मत, असे हे मिश्रण आहे.

आधी एक शब्द पाहू. सरकारी कागदावर या मदतीला दोन नावे आहेत. एका योजनेला 'निराधार अनुदान' म्हणतात, दुसरीला 'सेवा राज्य निवृत्ती वेतन'. अनुदान या शब्दात दान आहे. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. आपल्या आजीबाई काही शब्दकोश पाहून बोलत नाहीत, पण त्यांनी दुसराच अर्थ उचलला आणि त्याला पगार म्हटले. त्यांचे चुकले की बरोबर, हाच आजचा प्रश्न आहे.

पवित्र शास्त्र उघडले तर हा प्रश्न अगदी पहिल्या ख्रिस्तसभेतही दिसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाचा. यरुशलेममध्ये विधवांना रोज अन्नवाटप होत असे. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली. या बायका बाहेरगावच्या, भाषा वेगळी, ओळखीपाळखी कमी. यादीतून कोण गळते? ज्याचे कोणी नाही, ज्याला कार्यालयाची भाषा येत नाही, तोच गळतो. तेव्हाही तेच आणि आताही तेच. प्रेषितांनी त्यावर 'ही ऐहिक बाब आहे, तुम्ही प्रार्थना करा' असे म्हटले नाही. त्यांनी सात जण नेमले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वाटपाचे काम त्यांच्या हवाली केले. त्या सातांत संत स्तेफन होता. ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी मुळात वाटपाची यादी नीट करण्यासाठी नेमलेला माणूस होता, हे आपण विसरतो.

पुढे संत पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर चक्क पात्रतेच्या अटी आहेत. विधवांची यादी करायची, वय साठपेक्षा कमी नसावे, वर्तणूक चांगली असावी. जिला मुले-नातवंडे आहेत तिचा सांभाळ आधी त्यांनी करावा म्हणजे मंडळीवर भार पडणार नाही, आणि जी खरोखर एकटी आहे तिला मंडळीने पाहावे. वयाची अट, कुटुंबाची जबाबदारी, नोंदवही, हे सर्व तिथे आहे. तहसील कार्यालयातील शाखेत गेल्यावर मला हा अध्याय आठवतो.

आता आपल्या राज्यातील व्यवस्था पाहू. १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. ती पासष्टीच्या आतल्या निराधारांसाठी आहे : विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी. पासष्ट व त्यापुढील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. आणि केंद्र सरकारची जी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली, तिला २००७ पासून इंदिरा गांधींचे नाव आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या वृद्धाला या केंद्राच्या योजनेचे पैसे मिळतात व त्यात राज्य आपली भर घालते. यादीत नाव नसेल तर सर्व रक्कम राज्य देते. वृद्धाच्या हातात येते ती रक्कम सारखीच. जुलै २०२३ पासून ती महिना १५०० रुपये झाली, त्याआधी हजार होती.

केंद्राचा वाटा किती, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. १९९५ साली तो महिना ७५ रुपये होता. २००६ साली २०० रुपये झाला. २०११ साली ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये करण्यात आला. ऐंशीच्या आतल्यांचे २०० मात्र पुढे वाढलेच नाहीत. २००६ साली जन्मलेले मूल आज मतदार झाले, आणि ती रक्कम आहे तिथेच आहे. संसदेच्या ग्रामविकास विषयक स्थायी समितीने ती वाढवावी असे वेळोवेळी सांगितले, पण उपयोग झाला नाही. महागाई वाढते तशी रक्कम आपोआप वाढावी, अशी सोय नोकरदारांच्या महागाई भत्त्यात आहे, म्हाताऱ्यांच्या पगारात नाही. कोणा मंत्र्याच्या मनात आले की वाढते, नाही आले की नाही. याला मी दानाची रीत म्हणतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

पण मला सर्वांत खटकते ती उत्पन्नाची अट. श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे. २०२३ साली रक्कम वाढवली तेव्हाही ही मर्यादा तशीच राहिली. हिशेब करून पाहा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातला एक मुलगा वर्षात एकाहत्तर दिवस रोजगार हमीवर गेला की कुटुंब मर्यादेबाहेर! सरकारने स्वतःच दिलेल्या मजुरीने सरकारच्याच नियमाप्रमाणे आई अपात्र. आता कोणते कुटुंब वर्षभर एकवीस हजारांत, म्हणजे महिना साडेसतराशेत जगते? जवळजवळ कोणतेच नाही. मग दाखला कसा मिळतो? तुम्हांला माहीत आहे, मलाही माहीत आहे. कागदावर वीस हजार लिहिले जाते, सगळे मान डोलावतात.

एका गृहस्थाने मला पापनिवेदनाबाहेर, गप्पांत विचारले, "फादर, आईसाठी उत्पन्न कमी लिहिले, हे पाप झाले का?" मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण अशा प्रश्नाला पुस्तकातले उत्तर सरळ लागू पडत नाही. खोटे ते खोटेच, त्याला मी खरे म्हणू शकत नाही. परंतु संत थॉमस अक्वायनस कायद्याची व्याख्याच अशी करतो की तो विवेकाला धरून असावा आणि सर्वांच्या हितासाठी असावा. जो नियम पाळून कोणीच पात्र ठरू शकत नाही, तो नियम लोकांना खोटे बोलायला शिकवतो. आणि त्यात मरण होते प्रामाणिक माणसाचे. आपल्याच धर्मग्रामात एक आजोबा आहेत, त्यांनी खरे उत्पन्न लिहिले व अर्ज नामंजूर झाला. शेजारच्याचा मंजूर झाला. आजोबांना मी काय सांगू?

आणखी एक विसंगती पाहा. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिलेला महिना १५०० रुपये ठरले. त्यात वयाची अट २१ ते ६५ आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या बाईला दोन लाख उत्पन्नाच्या घरातही पैसे मिळू शकतात, आणि पासष्टी ओलांडली, गुडघे गेले, कामाला कोणी बोलवेनासे झाले की तिच्यासाठी मर्यादा एकवीस हजार! बहिणीला मिळते ते मिळू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच बहीण आई झाली, आजी झाली की दार लहान का व्हावे? निदान दोन्ही दारांची उंची सारखी करा, एवढी मागणी तर कोणत्याही पक्षाच्या माणसाला करता येईल. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. आमदारसाहेब येतात तेव्हा हार-तुऱ्यांच्या आधी हे निवेदन देता येते.

यावर काही जण म्हणतात, "सरकारने किती म्हणून द्यायचे? ज्याने आयुष्यभर काही भरले नाही त्याला पगार कशाचा?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जो भरतो त्याला मिळावे, हाही न्यायच आहे. तत्त्वज्ञानात याला देवाण-घेवाणीचा न्याय म्हणतात. मी एक पोते ज्वारी दिली तर मला पोत्याचे दाम मिळावे. पण ॲरिस्टॉटलपासून दुसराही एक न्याय मानला जातो, वाटपाचा. सर्वांनी मिळून जे उभे केले, त्यातला वाटा प्रत्येकाला मिळावा. आता विचार करा, आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या आपल्या माणसांनी काहीच भरले नाही का? १९७२ च्या दुष्काळात ही माणसे विशी-बाविशीची होती. मराठवाड्यात दुष्काळी कामांवर खडी कोणी फोडली? पाझर तलावांची माती डोक्यावर कोणी वाहिली? सुकडी खाऊन दिवस काढले ते कोणी? ज्या रस्त्यांवरून आज आपण मोटारसायकल पळवतो त्यांच्या खालची खडी यांच्या हातची आहे. दर वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घामावर कारखाने चालले. यांना मालक होता, मुकादम होता, पण प्रॉव्हिडंट फंड नव्हता. पावती कोणी दिली नाही एवढ्यावरून भरलेच नाही असे होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले की निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचे ते देणे आहे. तो खटला सरकारी नोकरांचा होता. एका ठरावीक तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना कमी पेन्शन का, असा वाद होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड व आणखी चार न्यायमूर्तींपुढे तो चालला. त्यांत एक न्यायमूर्ती तुळजापूरकर आडनावाचे होते, आपल्या तालुक्याचे नाव वाचून मला उगीच बरे वाटले. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर आजही पाळतात. माझे म्हणणे एवढेच की कचेरीत खुर्चीवर बसून केलेली सेवा ही सेवा, आणि उन्हात खडी फोडून केलेली ती सेवा नव्हे, असे संविधान म्हणत नाही. कलम ४१ मध्ये वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी असे राज्याला सांगितले आहे. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्दही तिथे आहेत, ते मी लपवत नाही. पण क्षमता वाढली की देणेही वाढायला हवे, हा त्याचाच दुसरा अर्थ.

पावती नसलेल्या माणसालाही पेन्शनीची सोय करता येते, हे याच महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला आज हा व्यापारी, उद्या तो. मग त्याचा फंड कोणी भरायचा? पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी संघटनेने हा प्रश्न धरून ठेवला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. व्यापाऱ्याने मजुरी थेट हमालाच्या हातात न देता, तीवर ठरलेली लेव्ही घालून मंडळाकडे भरायची. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना पाहते. मालक कितीही बदलले तरी खाते एकच. याच बाबा आढावांनी अरुणा रॉय यांच्यासोबत २०१२ साली पेन्शन परिषद उभी केली आणि दिल्लीत जंतरमंतरवर देशभरचे वृद्ध आणून बसवले. मागणी अशी की प्रत्येक वृद्ध कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळावी आणि दारिद्र्यरेषेची चाळणी नको. ती मागणी पूर्ण झाली नाही. पण पगार हा शब्द बरोबर आहे, हे त्या लोकांनी मोठ्याने सांगितले.

कारखान्यात, एस.टी.त किंवा सूतगिरणीत राहिलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. दहा वर्षे सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली. बुलढाण्यातून चाललेली ईपीएस-९५ पेन्शनरांची संघर्ष समिती साडेसात हजार व महागाई भत्ता मागते. या लोकांनी तर पैसे भरले, पावत्याही आहेत. तरी हजार! सरकारी कर्मचारी व शिक्षकांच्या जुन्या पेन्शनीचा वाद तुम्हांला ठाऊक आहेच, मार्च २०२३ च्या संपात शाळा बंद होत्या. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. त्यांना बोलायला संघटना आहेत. आजींना नाही.

पोप संत योहान पौल दुसरे यांनी १९८१ च्या मानवी श्रमावरील आपल्या परिपत्रकात म्हातारपणाची पेन्शन हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदवला आहे. ख्रिस्तसभेची ही शिकवण आहे, फादरचे राजकारण नव्हे. प्रवचनानंतर मला तसे सुनावणाऱ्या दोघा-तिघांसाठी हे लिहिले.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या घरातली आहे. योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. त्या मुलाने आंधळ्या आई-बापांना कावडीत घालून खांद्यावर वाहिले. सरकारने पगार दिला म्हणून कावड खाली ठेवायची का? मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात येशू काही लोकांना फार कडक बोलला आहे. ते लोक आई-बापांना म्हणायचे, तुम्हांला माझ्याकडून जे मिळायचे ते मी करबान म्हणजे देवाला अर्पण करून टाकले आहे. देवाच्या नावाने पळवाट! आजची करबान वेगळी आहे : "आईला पगार चालू आहे की." आणखी वाईट म्हणजे पगाराच्या दिवशी आईला बँकेत न्यायचे, अंगठा लावायचा आणि पैसे आपल्या खिशात टाकायचे. असे आपल्या गावातही होते, मी नावे घेत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी ओळखावे. आई-बापांचा सांभाळ हे कायद्यानेही कर्तव्य आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो व महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. पण कोणा आईला तिथपर्यंत जावे लागू नये.

तरुणांनाही सांगतो. तुमच्यापैकी जे मजुरी, गवंडीकाम, ड्रायव्हिंग करतात, त्यांनी आपल्या म्हातारपणाचा विचार चाळिशीच्या आत करावा, कारण पुढे दार बंद होते. २०१५ ची अटल पेन्शन योजना बँकेत किंवा पोस्टात मिळते. अठराव्या वर्षी सुरू केली तर महिना ४२ रुपयांत साठीनंतर हजाराची आणि २१० रुपयांत पाच हजारांची पेन्शन ठरते. उशीर केला तर हप्ता वाढतो. २१० रुपये म्हणजे तुमच्या मोबाईलचा रिचार्ज. पाच हजारांना तेव्हा काय किंमत उरेल हा प्रश्न आहेच, पण शून्यापेक्षा बरे.

शेवटी कामाचे. ज्या घरात पासष्ट वर्षांचे कोणी आहे व पगार चालू नाही, त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर शाळेच्या व्हरांड्यात थांबावे. सोबत आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, दोन फोटो आणि वयाचा जो असेल तो पुरावा आणावा. महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहत असल्याचा दाखला व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो कसा काढायचा ते तिथे सांगू. आधारवर पुष्कळांची जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि वर्ष अंदाजाने घातलेले आहे. अडुसष्टच्या माणसाचे वय एकसष्ट लागलेले मी स्वतः पाहिले. अशांनी आपला बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला ते घरी विचारून यावे. जुन्या नोंदवहीत वर्ष सापडले तर ते नक्की करायला उपयोग होतो. कामाने बोटांच्या रेषा झिजल्या असतील आणि अंगठा उमटत नसेल, तर आधार केंद्रात बोटांचे ठसे व डोळ्यांचे स्कॅन पुन्हा करून घ्यावे लागते. एका दिवशी चार-पाच जण मिळून गेले तर गाडीभाडे वाटून घेता येईल. आपले एक रिक्षावाले बंधू नळदुर्गपर्यंत न्यायला तयार झाले आहेत.

ज्यांचा पगार चालू होता आणि मध्येच थांबला, त्यांनी नवा अर्ज करू नये. आपली सर्व पासबुके घेऊन आधी माझ्याकडे यावे. बंद पडलेली वाटतात तीही आणावीत. आधी आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत पाहू. वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिला आहे का तेही पाहू. आणि शाळा शिकलेली चार पोरे-पोरी अर्ज लिहायला हवी आहेत. नावे कॅटेकिस्टकडे द्यावीत.

तुमचा धर्मगुरू